रोगांची आडनावे

पेणच्या खारेपाटातील एखाद्या गावी जाऊन "पाटलांचे घर कोणते?" असे जो विचारील, त्यास उत्तर मिळावयाचे नाही, उलट प्रश्न मिळेल : कोणते पाटील? निम्म्या गावाचे आडनाव पाटील, उरलेल्यांत म्हात्रे आणि ठाकूर. तेव्हा बापाचे नाव, आजाचे नाव, आळी, एवढे सांगितल्यावाचून माणूस सापडत नाही. हे ज्ञान तेथील शाळकरी पोरासही असते. तलाठी सातबाऱ्यावर नुसते 'म्हात्रे' एवढेच लिहून मोकळा होत नाही. तसे त्याने केले, तर दुसऱ्याच दिवशी दहा म्हात्रे त्या एका बांधावर हक्क सांगत कचेरीपुढे उभे राहतील.

पेणहून दक्षिणेस रोह्यास जावे, तर तेथे देशमुख. हे मुळात आडनावच नव्हे. तो वतनाचा हुद्दा. लोकहितवादींचे घराणे मूळचे सिधये, पण देशमुखी घरात आली आणि ते गोपाळ हरी देशमुख झाले. १९५२ ते १९५६ या काळात दिल्लीच्या सरकारात दोन देशमुख मंत्री होते : रोह्याचे चिंतामणराव अर्थखात्यावर आणि वऱ्हाडचे पंजाबराव शेतकीखात्यावर. दोघेही विलायतेत शिकलेले, दोघेही विद्वान, आणि नात्याने एकमेकांचे कोणी नव्हेत. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली चिंतामणरावांनी राजीनामा दिला, तेव्हा 'देशमुख गेले' एवढ्यावर भागणारे नव्हते. कोणते, हे सांगावेच लागे. पुढे १९५८ साली स्त्रीशिक्षणासाठी नेमलेली 'देशमुख समिती' तिसऱ्याच देशमुखांची, म्हणजे चिंतामणरावांच्या पत्नी दुर्गाबाई यांची. आडनाव हे कुळाचे, गावाचे अथवा वतनाचे चिन्ह आहे. त्यावरून माणूस ओळखू येत नाही, ही गोष्ट आम्हा कोकणवासीयांस कोणी शिकवावयास नको.

आमचा आरोप असा आहे की, जी खबरदारी खारेपाटातील टपालवाला घेतो ती वैद्यकशास्त्र घेत नाही. जेथे चूक झाली असता फार तर एक पत्र परत जावयाचे, तेथे पूर्ण नाव. आणि जेथे चुकीची किंमत जीव हीच आहे, तेथे मात्र नुसते आडनाव! रोग्याच्या हाती कागद येतो त्यावर विल्सन, पॅजेट, पार्किन्सन, हॉजकिन अशी कोणा परक्या गृहस्थांची आडनावे असतात. ती वाचून घरच्या माणसांस रोगाचा अवयव कळत नाही, कारण कळत नाही, तो पसरणारा आहे की आनुवंशिक हेही कळत नाही. याला नामकरण म्हणावे असे आम्हास वाटत नाही.

सर्वांत जवळचे उदाहरण घेऊ. पावसाळ्यात भाताच्या खाचरांत गुडघाभर चिखलात उभे राहून लावणी करणाऱ्या माणसाच्या पायास बारीक चिरा पडलेल्या असतात. उंदरांच्या मुत्राने दूषित झालेले पाणी त्या चिरांवाटे शरीरात जंतू सोडते आणि माणूस तापाने पडतो. बहुतेकांचा ताप उतरतो. काहींचा उलटतो, डोळे पिवळे होतात, मूत्रपिंडे बंद पडतात. या उग्र प्रकारास वैद्यकाच्या ग्रंथांत 'वाइलचा रोग' असे म्हणतात. हायडेलबर्गचे आडोल्फ वाइल यांनी १८८६ साली त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. २००५ च्या जुलैतील महापुरानंतर मुंबईत या तापाची मोठी साथ आली, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल.

आता दुसरा ताप पाहा. झुडपांत व गवतात राहणाऱ्या अतिसूक्ष्म किड्यांची पिले चावली असता होणारा स्क्रब टायफस हा महाराष्ट्रातही आढळतो आणि तोही पावसाच्या दिवसांतच डोके वर काढतो. टायफसच्या जातीचे हे ताप ओळखण्यासाठी रक्ताची जी जुनी तपासणी आहे, तिचे नाव 'वाइल-फेलिक्स'. जेथे अधिक भरवशाच्या चाचण्या पोहोचलेल्या नाहीत, तेथे ती अजूनही केली जाते. यातील वाइल कोण? एडमुंड वाइल, १९१६ साली आर्थर फेलिक्स यांच्याबरोबर ही तपासणी प्रसिद्ध करणारे निराळेच गृहस्थ. म्हणजे वाइलच्या तपासणीने वाइलचा रोग सापडत नाही, भलताच सापडतो! एकाच ऋतूत, एकाच गावात, एकाच दवाखान्याच्या दारात येणारे हे दोन ताप. पहिल्यावर पेनिसिलिन चालते, दुसऱ्यावर ते मुळीच चालत नाही. आणि या दोहोंच्या मध्ये उभे असलेले नाव एकच. अनुभवी डॉक्टर यात फसणार नाही, हे आम्ही मान्य करतो. पण कागद केवळ डॉक्टरच वाचतो काय? रोग्याचा मुलगा वाचतो, औषधांच्या दुकानातील पोर वाचते, तालुक्याच्या गावाहून अलिबागेस अथवा मुंबईस रोग्यास हलविले असता तेथील नवखा उमेदवार वाचतो. 'वाइल तपासले, काही निघाले नाही' या वाक्याचा अर्थ यांपैकी कोण काय करील, याची हमी कोणी द्यावी?

उच्चाराची तऱ्हा तर निराळीच. जर्मन माणूस 'वाइल' म्हणतो. आमच्याकडे कोणी 'वेल' म्हणतो, कोणी 'वील'. हीच अक्षरे घेऊन फ्रान्सचे थोर गणिती आंद्रे हे 'वेय' होतात. हेच वेय अलीगढच्या विद्यापीठात असताना त्यांनी आमच्या दामोदर धर्मानंद कोसंबींस तेथे बोलावून घेतले होते. पुढे १९४४ साली कोसंबींनी आनुवंशशास्त्रात जे सूत्र दिले, ते आज 'कोसंबी' या नावानेच चालते. मराठी वाचकास मात्र कोसंबी म्हटले की आधी त्यांचे वडील, बौद्ध धर्माचे पंडित धर्मानंद, आठवतात. येथे बापलेकांचा घोटाळा झाला तरी कोणी दगावत नाही, म्हणून त्याविषयी आमची तक्रार नाही.

पण विल्सनविषयी आहे. मुंबईत शिकलेल्या कोणत्याही कुटुंबास विल्सन म्हटले की चौपाटीसमोरचे कॉलेज आठवते. ते रेव्हरंड जॉन विल्सन यांच्या नावाचे. गणितात मूळ संख्यांविषयी एक विल्सनचा सिद्धान्त आहे. तोही जॉन विल्सन यांचाच, पण हे अठराव्या शतकातील दुसरे जॉन. अशा वेळी पूर्ण नावही पुरत नाही, सालच द्यावे लागते. पदार्थविज्ञानात 'विल्सनचे मेघपात्र' आहे; त्याबद्दल १९२७ सालचे नोबेल पारितोषिक मिळविणारे विल्सन चार्ल्स. आणि वैद्यकातील विल्सन हे सॅम्युअल अलेक्झांडर किनिअर. यांनी १९१२ साली वर्णिलेल्या रोगात शरीरातील तांबे बाहेर पडावयाचे थांबते आणि यकृतात व मेंदूत साठत जाते. हा रोग आनुवंशिक आहे; घरात एका मुलास निघाला तर त्याच्या भावंडांची तपासणी झालीच पाहिजे, कारण वेळीच कळल्यास त्यावर औषध आहे. 'ताम्रसंचय' असा शब्द कागदावर असता, तर आईने निदान विचारले असते की तांबे कोठून आले आणि धाकट्याच्या अंगातही ते साठत असेल काय. 'विल्सन' या शब्दाने तिच्या मनात कोणता प्रश्न उभा राहावा? फार तर कॉलेजच्या फीचा!

सर जेम्स पॅजेट यांची कथा याहून विलक्षण. तेथे आडनावही एक आणि माणूसही एकच. रोग मात्र दोन. १८७४ साली त्यांनी स्तनाग्रावरील एका व्रणाचे वर्णन केले, ज्याच्या मागे बहुधा कर्करोग दडलेला असतो. १८७७ साली त्यांनी हाडे जाड व वाकडी करणाऱ्या एका रोगाचे वर्णन केले. तो कर्करोग नव्हे. दोन्ही 'पॅजेटचा रोग' म्हणूनच चालतात. पुतणीच्या सासरहून 'पॅजेट झाला' असा निरोप आला, तर माणसाने रडावे की सुस्कारा सोडावा?

आणि हॉजकिन! थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली लसिकाग्रंथींच्या एका रोगाचे वर्णन केले. पुढे त्याच जातीचे पण त्याहून भिन्न असे पुष्कळ रोग आढळले, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्यांचे बारसे कसे केले? 'नॉन-हॉजकिन'! म्हणजे 'तुमचे शेजारी कोण?' असे पेणच्या माणसास विचारावे आणि त्याने 'म्हात्रे नव्हेत ते' असे उत्तर द्यावे. शिवाय मज्जातंतूंतील विद्युत्प्रवाहाचे १९५२ सालचे प्रसिद्ध गणित ॲलन हॉजकिन यांचे, आणि पेनिसिलिनची व इन्सुलिनची घडण उलगडणाऱ्या विदुषी डोरोथी हॉजकिन. या विदुषींच्या यजमानांचे नाव पुन्हा थॉमस हॉजकिनच! हे कुळ फार गुणी होते यात शंका नाही. पण ज्या रोग्याच्या गळ्याखाली गाठ आली आहे, त्यास या गुणवर्णनाचा उपयोग काय?

व्यक्तिनामांचा हा हव्यास कोणत्या थरास जातो, हे १९५२ सालच्या आणखी एका प्रकरणावरून दिसते. त्या वर्षी इंग्लंडात रक्त न गोठण्याच्या रोगाचा एक निराळा प्रकार ओळखला गेला. ज्यांच्यात तो आढळला त्यांत स्टीफन ख्रिसमस नावाचा पाच वर्षांचा मुलगा होता. त्याच्या आडनावावरून रोगाचे नाव 'ख्रिसमस रोग' ठेवण्यात आले आणि तो निबंध नाताळच्याच आठवड्यात छापण्यात आला. एखाद्या उत्साही मराठी भाषांतरकाराने त्याचा 'नाताळ रोग' केला, तर दोष त्याचा म्हणावा काय? नेहमीच्या प्रकारात रक्तातील आठवा घटक कमी असतो, या प्रकारात नववा. आठवा टोचून येथे काही साधत नाही. संपूर्ण उपचार ज्या एका आकड्यावर अवलंबून, तो आकडा नावात नाही, नाताळ आहे.

त्याच साली मुंबईत भेंडे, देशपांडे, भाटिया या संशोधकांनी विलायतेतील सहकाऱ्यांसह एक नवा रक्तगट प्रसिद्ध केला. ज्यांचा हा गट असतो, त्यांच्या रक्तात 'एच' नावाचा मूळ पदार्थच नसतो. साध्या तपासणीत ते 'ओ' गटाचे भासतात, परंतु 'ओ' गटाचे रक्त त्यांस दिले असता ते प्राणघातक होते. त्यांस त्यांच्याच गटाचे रक्त हवे. आपल्या देशात दर दहा हजारांत एखादाच असा माणूस असतो असे सांगतात. या गटास संशोधकांपैकी कोणाचेही आडनाव न देता शहराचे नाव दिले गेले, हे विनयास शोभण्यासारखे झाले. पण नाव म्हणून 'मुंबई' तरी काय सांगते? रोह्याच्या माणसास वाटावे की हा गट मुंबईत जन्मणाऱ्यांचा असेल. 'एच-विरहित' एवढे म्हटले की काय नाही आणि काय देऊ नये, दोन्ही गोष्टी उघड होतात.

यावर आमचे विद्वान मित्र तीन आक्षेप घेतील, ते आम्ही जाणतो.

पहिला कृतज्ञतेचा. ज्याने आयुष्य वेचून रोग ओळखला त्याचे नाव पुसावे काय? पुसू नये, पण ते रोगास चिकटविणे हा सन्मानाचा प्रकारच आम्हास विचित्र वाटतो. हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत प्लेगची लस तयार केली. प्लेगास कोणी 'हाफकिनचा रोग' म्हटले नाही. परळच्या संस्थेस १९२५ साली त्यांचे नाव दिले आणि ते आजही तेथे आहे. संस्था ही जिवंतपणी माणसाने केलेल्या कामाची वारस असते. रोग हा कोणाचाच वारस नसतो. त्यातून मराठीचा 'चा' प्रत्यय मोठा खट्याळ आहे. 'गणपतरावांचा दमा' म्हटले की दमा गणपतरावांस आहे असेच कोणीही समजते. मग 'पार्किन्सनचा रोग' ऐकून घरातील आजींनी, तो कोण आणि त्याचा रोग आमच्या यांना कसा लागला, असे विचारल्यास त्यांस हसणाऱ्याचे व्याकरण कच्चे आहे.

याच आक्षेपाची एक स्वदेशी आवृत्ती आहे. साहेबांची नावे आहेत ती असोत, पण आमचीही असावीत, असे काही स्वाभिमानी लोक म्हणतात. बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयातील श्रीधर सर्वोत्तम जोशी यांनी वायूंतील विद्युत्प्रवाहावर प्रकाशाचा होणारा परिणाम अभ्यासिला आणि तो 'जोशी परिणाम' म्हणून ग्रंथांत गेला, याचा अभिमान आम्हासही आहे. पण जोशी परिणाम! महाराष्ट्रात जोशी किती, याची मोजदाद कोणी करावी? देवळालीचे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे आडनाव विरळा, म्हणून ६१७४ या संख्येवरचा त्यांचा हक्क शाबूत राहिला. तोच पाटील आडनावाच्या गणित्याचा झाला असता तर? मद्रासकडे तर आडनाव ही वस्तूच आमच्या अर्थाने नाही. रामन परिणामातील 'रामन' आणि चंद्रशेखर मर्यादेतील 'चंद्रशेखर' ही मामा-भाच्यांची नव्हेत, काका-पुतण्यांची स्वतःची नावे आहेत. युरोपच्या रिवाजात ती आडनावे म्हणून बसविली गेली इतकेच.

दुसरा आक्षेप असा की, ही नावे साऱ्या जगात चालतात. ज्या जगाचा हवाला देतात ते जग स्वतःच ती टाकीत आहे. वेगेनर आणि रायटर या जर्मन डॉक्टरांचा नाझी राजवटीशी असलेला संबंध उघड झाल्यावर त्यांची नावे मागे घेऊन त्या रोगांस वर्णनात्मक नावे देण्यात आली. माणसाच्या चारित्र्यावर रोगाचे नाव अवलंबून ठेवण्याचा हा परिणाम. चौकशी मृत्यूनंतरही संपत नाही. आणि लोकव्यवहारात तर प्रत्येक भाषेचा हक्क तिच्यापाशीच आहे. वर सांगितलेल्या भातशेतीतील तापास केरळात 'एलिप्पनी' म्हणतात, म्हणजे उंदीरताप. या एका शब्दात रोगाचे कारण, त्याचा वाहक आणि घ्यावयाची खबरदारी, तिन्ही आली. आमच्याकडे मात्र 'लेप्टो' हे एका ग्रीक शब्दाचे तुटलेले शेपूट हिंडते आहे.

तिसरा आक्षेप खरोखर वजनदार आहे, आणि तो टाळून पुढे जाणे आम्हास प्रशस्त वाटत नाही. वर्णनात्मक नाव पुष्कळदा अपमानकारक असते. जन्मतः मतिमंद असणाऱ्या ज्या मुलांचे वर्णन जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ साली केले, त्यांस पुढे शंभर वर्षे 'मंगोल' म्हणत. एका राष्ट्राच्या नावाने केलेली ती शिवीच होती. मंगोलियाने हरकत घेतल्यावर १९६५ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द टाकला आणि डाउन यांचे आडनाव आले. आमच्याकडील 'महारोग' या शब्दाने किती घरांची दारे बंद केली, हे कोण विसरेल? तेथे नॉर्वेच्या हॅन्सेन यांचे आडनाव आडोशासारखे उपयोगी पडले. हे सर्व आम्हास मान्य. परंतु 'मंगोल' हे वर्णन नव्हतेच, ती वर्णाभिमानाची कल्पना होती. खरे कारण १९५९ साली सापडले, की एकविसाव्या गुणसूत्राच्या दोन प्रती असावयाच्या त्या जागी तीन असतात. त्यावरून जे नाव होते त्यात शिवीही नाही आणि कोणाचे आडनावही नाही. आडोसा पावसापुरता ठीक. त्यासच घर म्हणावयाचे नाही.

लक्षणावरून दिलेले नावही फसविते, ही गोष्ट आमच्या पक्षाच्या लोकांनी ध्यानात ठेवावयास हवी. उंदीरतापात डोळे पिवळे होतात. त्यास नुसती 'कावीळ' म्हटले की रोगी झाडपाल्याचे औषध घेत घरी बसतो आणि मूत्रपिंडे जातात. म्हणून आमचा आग्रह कारणाचा आहे. कारण ठाऊक नसेल तेथेच लक्षणाचा. 'कंपवात' हा आयुर्वेदातील शब्द पार्किन्सनच्या जागी घातला तर तो फार व्यापक होतो, प्रत्येक थरथर त्यात येते, अशी तक्रार डॉक्टर करतात. तक्रार खरी आहे. पण स्वतः जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली आपल्या निबंधास जे नाव दिले, त्याचा अर्थ 'थरथरणारा पक्षाघात' एवढाच होता. त्यांनी आपले आडनाव रोगास दिले नाही. ते पुढच्या पिढीतील फ्रेंच पंडित शार्को यांनी दिले. शिवाय १९३० साली हृदयाच्या ठोक्यांचा जो विकार तीन डॉक्टरांच्या नावाने प्रसिद्ध झाला, त्यांतील मधले पार्किन्सन हे जॉन. त्यांचा थरथरण्याशी काही संबंध नाही. शब्द वापरून नेमका होतो. हिवताप, हत्तीरोग, घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला हे शब्द एके काळी सैलच होते. आज सरकारी खात्याच्या पाट्यांवर हिवताप आणि हत्तीरोग हेच शब्द दिमाखाने उभे आहेत, आणि त्यांचा अर्थ डॉक्टरास व कुळवाड्यास एकच कळतो.

आडनावे मुळीच टाकवत नसतील, तर निदान वनस्पतिशास्त्राचा कित्ता गिरवावा. तेथे झाडाच्या नावापुढे ते प्रथम वर्णिणाऱ्याचे नाव लिहिण्याची चाल आहे. विल्यम हुकर आणि त्यांचे चिरंजीव जोसेफ हुकर हे दोघेही नामांकित. म्हणून बापाने वर्णिलेल्या झाडापुढे 'हुक.' लिहितात आणि मुलाने वर्णिलेल्यापुढे 'हुक. एफ.', म्हणजे 'पुत्र'. लिनिअस बापलेकांचीही अशीच वाटणी केलेली आहे. नाव झाडाचे वेगळे, वर्णनकाराचे वेगळे, आणि दोन हुकरांत गल्लत नाही. रोह्याच्या ज्या देशमुखांचा उल्लेख आम्ही आरंभी केला, ते चिंतामणराव केंब्रिजला हेच शास्त्र शिकले आणि १९१७ साली त्यातील पारितोषिक त्यांनी मिळविले. पुस्तकाच्या पानावर हुकरांतील बापलेक जसे वेगळे राहतात, तसेच राज्यकारभारात दोन देशमुख वेगळे राहावयास हवेत, हे त्यांस तरी निराळे शिकवावे लागले नसेल.

मराठीत आरोग्यविषयक पुस्तके लिहिणारे, शाळांची क्रमिके रचणारे आणि रोग्याच्या हाती मराठी कागद देणारे, या तिघांकडे आमची मागणी सरळ आहे. रोगाचे नाव कारणावरून अथवा अवयवावरून मराठीत आधी लिहावे. आडनाव द्यावयाचेच तर त्यापुढे कंसात, पूर्ण नावासह आणि सालासह द्यावे : 'उंदीरताप (आडोल्फ वाइल, १८८६)'. आणि त्या दुसऱ्या तपासणीच्या कागदावर, ती जोवर होते आहे तोवर, 'टायफस-तपासणी (एडमुंड वाइल व आर्थर फेलिक्स, १९१६)' असे लिहावे. यास शाईचे चार थेंब अधिक लागतील. येत्या पावसाळ्यात खाचरांत उतरणाऱ्यांची संख्या पाहता, तेवढा खर्च सोसण्यासारखा आहे.